किल्ल्यावर मावळे आहेत, पण शत्रू कुठे आहे?

दिवाळीच्या आधीचा रविवार. अंगणात दगड, विटा, फुटकी कौलं जमा झालेली असतात. त्यावर पोतं, पोत्यावर चिखल आणि चिखलावर अळीव नाहीतर मोहरी. चार दिवसांत किल्ल्यावर हिरवी लव दिसू लागते. मग कुंभाराकडून आणलेली टोपली उघडते. महाराज सिंहासनावर बसतात, भालदार बुरुजावर चढतात, तोफ दरवाज्यात येते. पायथ्याशी शेतकरी, डोक्यावर घागर घेतलेली गवळण, आरशाच्या तुकड्याचं तळं, गुहेत वाघ. सगळं जिथल्या तिथे!

नसतो तो फक्त शत्रू.

अफझलखानाच्या वधाचा एखादा देखावा सोडला तर कुंभाराच्या टोपलीत ना आदिलशाही शिपाई सापडत, ना मोगल हशम. त्यामुळे मावळे नुसतेच उभे राहतात. भाऊबीज होते, तुळशीचं लग्न लागतं, मावळे पुन्हा खोक्यात जाऊन माळ्यावर पोहोचतात. उगारलेला भाला उगारलेलाच राहतो. घरातल्या दहा वर्षांच्या सेनापतीला तिसऱ्या दिवशीच कंटाळा येतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. समोर कुणी नसेल तर खेळायचं कुणाशी?

सातासमुद्रापार मात्र याच चिमुकल्या सैनिकांचा एक चुरशीचा खेळ झाला आहे. शाळकरी पोरापासून पेन्शनरापर्यंत माणसं तो खेळतात, त्याच्या स्पर्धा भरतात आणि तासन् तास टेबलावर वाकून लढाया होतात. इंग्लंडमधल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचं उदाहरण घ्या. १९७५ साली तीन मित्रांनी लंडनमध्ये ती काढली. पुढे तिने नॉटिंगहॅम शहरात बस्तान बसवलं. १९८३ मध्ये तिचा ‘वॉरहॅमर’ हा खेळ आला आणि १९८७ मध्ये दूरच्या भविष्यकाळातला ‘वॉरहॅमर ४०,०००’. डिसेंबर २०२४ मध्ये ही कंपनी लंडनच्या शेअर बाजारातल्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या यादीत जाऊन बसली. तीही खेळण्यातले सैनिक विकून!

सैनिक प्लॅस्टिकचे, उंचीने इंचा-सव्वा इंचाचे. ते सुटे भाग म्हणून मिळतात. कापायचे, चिकटवायचे आणि बारीक कुंचल्याने एकेकाचा पट्टा, बूट, भुवई रंगवायची. अशी पन्नास-शंभर माणसं रंगवायला सहज काही महिने जातात. (आपल्याकडे मावळे रंगीतच मिळतात, हे आईवडिलांचं नशीब.) मग टेबलावर पडक्या भिंती, टेकड्या, झाडी मांडायची आणि समोरासमोर उभं राहायचं.

इथे एक गंमत आहे. प्रत्येक प्याद्याची गुणांमध्ये किंमत ठरलेली असते. साधा शिपाई स्वस्त, रणगाडा महाग, अजस्र राक्षस त्याहून महाग. स्पर्धेत दोघांनाही बहुधा दोन-दोन हजार गुणांची फौज उभी करता येते. म्हणजे कागदावर दोघे बरोबरीचे. पण प्रत्यक्षात काही फौजा अशा येतात की समोरच्याच्या पोटात गोळा उठावा. कुणी शेकडो जीवांची टोळधाड आणतो, कुणी चिलखती वीर आणतो की ज्यांना मारता मारता हात दुखावेत.

हात का दुखतात, ते फाशांच्या हिशेबात कळतं. समजा अठरा गोळ्या झाडल्या. फाशावर तीन किंवा जास्त पडले तर नेम लागतो, म्हणजे बारा लागल्या. शत्रू दणकट असल्यामुळे जखम व्हायला पाच किंवा सहाच हवेत. बाराच्या झाल्या चार. आता चिलखत! शत्रूने फासा टाकून तीन किंवा जास्त आणले तर तो वाचतो. चारांतला सरासरी दीडही पडत नाही. अठरा गोळ्या, आणि मेला जेमतेम एक!

नवखा खेळाडू नेमका इथेच फसतो. समोरचा सगळ्यात मोठा राक्षस बघून तो आपल्या सगळ्या तोफा त्याच्यावर रोखतो. राक्षस काही मरत नाही, दोन फेऱ्या वाया जातात आणि तेवढ्यात बाकीची फौज अंगावर येते. मुरलेला खेळाडू आधी वेगळाच प्रश्न विचारतो : आज जिंकायचं म्हणजे नेमकं काय करायचं आहे? कारण या खेळात गुण मिळतात ते मुख्यतः ठरलेल्या जागा ताब्यात ठेवण्याचे. डाव पाच फेऱ्यांचा. राक्षस जिवंत राहिला तरी चालेल, तो पाच फेऱ्यांत हव्या त्या जागी पोहोचला नाही म्हणजे झालं. मग एखादी स्वस्तातली तुकडी त्याच्या वाटेत उभी करायची. ती मरणार हे माहीत असतं. पण ती मरेपर्यंत एक फेरी गेलेली असते.

आपल्याकडे याला खिंड लढवणं म्हणतात. १६६० साली पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना बाजीप्रभूंनी केलं ते हेच. सिद्दी जौहरच्या फौजेचा नायनाट करायचा नव्हता, महाराज गडावर पोहोचेपर्यंतचा वेळ हवा होता. प्लॅस्टिकचा शिपाई आणि बाजीप्रभू यांची तुलना कुणाला रुचणार नाही, ते योग्यच आहे. पण वेळ विकत घेण्याचा हिशेब दोन्हीकडे एकच.

टेबलावरच्या या लढाईचं मूळही आपल्याच मातीत आहे. चतुरंग म्हणजे पायदळ, घोडदळ, हत्ती आणि रथ. पटावरचं ते चिमुकलं सैन्य इथून इराणात, तिथून अरबांकडे आणि पुढे युरोपात गेलं. तिथल्या लष्करी मंडळींना मात्र चौसष्ट घरं पुरेनात. १७८० साली जर्मनीतल्या ब्रुन्सविकच्या हेल्विग नावाच्या शिक्षकाने बुद्धिबळाचा पट सोळाशेहून अधिक घरांचा केला आणि त्यात नद्या, डोंगर, तोफा आणल्या. १८१२ मध्ये रायस्विट्झ नावाच्या प्रशियन गृहस्थाने घरंच काढून टाकली आणि खुद्द राजाला डोंगरदऱ्यांचं खरंखुरं टेबल बनवून दिलं. त्याच्या मुलाने, तो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ मध्ये नियम पक्के करून छापले : नकाशा, ठोकळे, फासा आणि दोन्ही बाजूंमध्ये एक पंच. शत्रू खरोखर दिसण्याजोगा असेल तेव्हाच पंच त्याचा ठोकळा नकाशावर ठेवणार, तोवर दोघेही अंधारात! प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख म्युफ्लिंग सुरुवातीला खेळाकडे नाखुशीनेच बघत होते. डाव संपेपर्यंत ते इतके भारावले की त्यांनी साऱ्या सैन्याला त्याची शिफारस केली. ज्याने नियम लिहिले त्या तरुणाच्या वाट्याला मात्र सुख आलं नाही. राजधानीपासून दूर बदली झाली आणि १८२७ मध्ये त्याने आत्महत्या केली.

सैन्याच्या कचेरीतून हा खेळ दिवाणखान्यात आणला तो एच. जी. वेल्स यांनी. कालयंत्राची कथा लिहिणारे तेच वेल्स. जेवणानंतर खेळण्यातल्या स्प्रिंगच्या तोफेने मित्र सैनिक पाडू लागले आणि त्यातून नियम सुचत गेले. १९१३ मध्ये त्यांनी ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तकच काढलं. पायदळाने एका चालीत एक फूट जायचं, घोडदळाने दोन फूट. तोफेजवळ चार माणसं नसतील तर तोफ मुकी. हातघाईला आले की बरोबरीचे बरोबरीत मरायचे. चालीला घड्याळ लावायचं म्हणजे कुणी विचार करत बसणार नाही. त्या पुस्तकाच्या लांबलचक उपशीर्षकात वेल्स यांनी हा खेळ मुलग्यांसाठी असल्याचं सांगितलं, आणि वर मुलग्यांचे खेळ आवडणाऱ्या जरा हुशार मुलींनाही परवानगी देऊन टाकली. मोठाच उपकार! पण याच पुस्तकात त्यांनी हेही लिहिलं की टेबलावरचं छोटं युद्ध तीन-चारदा खेळलात की खरं युद्ध किती बेंगरूळ आणि घोडचुकांनी भरलेलं असतं ते कळतं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

त्या ‘जरा हुशार मुलींनी’ उत्तर दिलं ते तीस वर्षांनी, इंग्लंडमधल्याच लिव्हरपूल बंदरात.

१९४२चा जानेवारी. इंग्लंडला धान्य, तेल, दारूगोळा अटलांटिकवरून जहाजांच्या ताफ्यांनी येत होता, आणि जर्मन पाणबुड्या ती जहाजं बुडवत होत्या. क्षयामुळे नौदलातून निवृत्त केलेल्या गिल्बर्ट रॉबर्ट्स या अधिकाऱ्याला परत बोलावून लिव्हरपूलच्या डर्बी हाउसमध्ये काही खोल्या देण्यात आल्या. काम एकच : पाणबुड्यांवर उपाय शोधा. माणसं? पुरुष सगळे समुद्रावर होते. मिळाल्या त्या नौदलाच्या महिला दलातल्या विशी-बाविशीतल्या मुली. यांपैकी जवळजवळ कुणीही समुद्रावरची लढाई पाहिलेली नव्हती.

रॉबर्ट्सने जमिनीवर लिनोलियम अंथरलं, त्यावर रेघा आखल्या आणि तो अटलांटिक समुद्र झाला. भोवती कापडाचे पडदे. पडद्यांमागे खेळाडू, त्यांना बारीक फटीतून दिसेल तेवढंच दिसायचं, खऱ्या जहाजावरच्या अधिकाऱ्याला दिसलं असतं तेवढंच. मुली गुडघ्यांवर बसून खडूने जहाजांचे मार्ग काढायच्या. रक्षक जहाजांचा मार्ग पांढऱ्या खडूने आणि पाणबुडीचा हिरव्या, कारण तो हिरवा खडू फटीतून बघणाऱ्याला दिसत नसे.

पहिला प्रश्न असा होता : शत्रू असतो कुठे? आरमाराचा समज होता की पाणबुडी ताफ्याच्या बाहेरून, लांबून टॉर्पेडो सोडते. म्हणून जहाज बुडालं की रक्षक जहाजं बाहेरच्या दिशेने धावायची, आकाशात प्रकाशगोळे उडवायची, पाण्यात स्फोटकं टाकायची. कॅप्टन वॉकर या नामवंत अधिकाऱ्याचा हा डाव होता. रॉबर्ट्स आणि मुलींनी नुकतीच झालेली एक लढाई जमिनीवर पुन्हा मांडली. हिशेब जुळेना. बुडालेलं जहाज ताफ्याच्या आतल्या रांगेतलं होतं. मग त्यांनी उलटं केलं. स्वतःच पाणबुडीच्या जागी जाऊन बसल्या : आपल्याला ते जहाज बुडवायचं असतं तर आपण कुठून आलो असतो?

उत्तर अंगावर काटा आणणारं होतं. पाणबुडी रात्री पाण्याच्या वर राहून मागच्या बाजूने ताफ्याच्या आतच घुसत होती. जहाजांच्या रांगांमध्ये! रक्षक बाहेर धावत होते तेव्हा चोर घरातच होता. टॉर्पेडो सोडून झाला की तो बुडी मारायचा आणि ताफा डोक्यावरून पुढे निघून जाऊ द्यायचा.

एकदा हे कळल्यावर डाव उलटवणं अवघड नव्हतं. रक्षकांनी बाहेर न धावता ताफ्याच्या मागे येऊन तिथला समुद्र चाळून काढायचा. जीन लेडलॉ या मुलीने या डावाला नाव दिलं ‘रास्पबेरी’. इंग्रजांत रास्पबेरी म्हणजे तोंडाने काढलेला तो चिडवण्याचा आवाज, हिटलरच्या तोंडावर काढलेला. सर पर्सी नोबल हे तिथले ॲडमिरल प्रयोग बघायला आले ते फारसा विश्वास न ठेवताच. परत गेले ते हा डाव सगळ्या ताफ्यांना कळवण्याची तयारी करूनच.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नोबल यांच्या जागी ॲडमिरल मॅक्स हॉर्टन आले. स्वारी पहिल्या महायुद्धातली नावाजलेली पाणबुडीवाली. त्यांनी स्वतःच पाणबुडीच्या बाजूने खेळायचं ठरवलं. याहून जबर प्रतिस्पर्धी कुठून आणायचा? पडद्यापलीकडे रक्षक जहाजं चालवायला बसली जॅनेट ओकेल, जेमतेम विशीची. हॉर्टन हरले. पुन्हा खेळले, पुन्हा हरले. पाच वेळा हरले असं सांगतात. पलीकडे कोण होतं ते कळल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार, पण त्यानंतर या खोल्यांना त्यांनी भक्कम पाठिंबा दिला. युद्ध संपेपर्यंत सुमारे पाच हजार अधिकारी त्या लिनोलियमवर शिकून गेले. समुद्रावरून आलेल्या दाढीवाल्या कप्तानांना या पोरी हळूच पडद्यामागे येऊन विचारायच्या, साहेब, डावीकडे वळलात तर बरं नाही का होणार?

त्याच १९४२ साली जगाच्या दुसऱ्या टोकाला नेमकं उलटं घडलं. मिडवेच्या लढाईआधी जपानी आरमाराने टेबलावर सराव केला. सरावात अमेरिकी विमानांनी जपानच्या विमानवाहू जहाजांवर बॉम्ब टाकले, पंचाने फासे टाकले आणि जहाजं गेल्याचा निकाल दिला. वरिष्ठ अधिकारी उगाकी यांनी तो निकाल फिरवला, बॉम्बची संख्या कमी केली, आणि बुडालेलं जहाज पुढच्या सरावात पुन्हा तरंगू लागलं! जपानी वैमानिक अधिकारी फुचिदा याने युद्धानंतर ही हकीकत लिहिली. त्याच्या सगळ्याच गोष्टी इतिहासकार मानत नाहीत, पण जून १९४२ मध्ये मिडवेला जपानची चार विमानवाहू जहाजं बुडाली हे तर खरंच आहे.

आता परत अंगणात येऊ. शत्रू हवाच असेल तर तो जबर हवा, आणि त्याच्यासाठी लांब जायला नको. २ फेब्रुवारी १६६१ची उंबरखिंड आहे ना!

पुण्यात शाइस्तेखान तळ देऊन बसला होता. त्याने कारतलबखान या उझबेक सरदाराला मोठी फौज देऊन कोकणात पाठवलं. बरोबर माहूरची रायबागन होती, तोफा होत्या, खजिना होता. लोणावळ्याच्या बाजूने कुरवंड्याचा घाट उतरून ही फौज उंबरखिंडीच्या रानात शिरली. वाट इतकी अरुंद की फौजेची नुसती लांबच लांब रांग झाली. पुढची वाट महाराजांनी अडवली, मागची माणसं पाठवून बंद केली आणि दोन्ही अंगांच्या झाडीतून मारा सुरू झाला. पाणी नाही, वारा नाही, घोडा वळवायला जागा नाही. शेवटी रायबागनच्या सल्ल्याने खानाने वकील पाठवला. सामानसुमान आणि खंडणी ठेवून घेऊन महाराजांनी खानाच्या माणसांना जिवंत जाऊ दिलं. परमानंदांच्या ‘शिवभारता’त ही लढाई विस्ताराने आली आहे, आणि खोपोलीजवळ चावणी गावाच्या हद्दीत तिचं स्मारक उभं आहे.

ही लढाई टेबलावर, फरशीवर किंवा किल्ल्यासमोरच्या अंगणात मांडता येते. विटांच्या नाहीतर जाड पुस्तकांच्या दोन रांगा समोरासमोर लावायच्या, सहा-सात फूट लांब. मधली खिंड वीतभर रुंद. शत्रू कुंभाराकडे मिळत नाही, पण कॅरमच्या खोक्यात मिळतो! नऊ काळ्या आणि नऊ पांढऱ्या, मिळून अठरा सोंगट्या म्हणजे खानाची फौज. समोर मावळे फक्त नऊ. मावळा एका चालीत एक वीत जाणार, घोडेस्वार दोन विती. खानाच्या सोंगट्या एका चालीत एक वीत आणि खिंडीत एका वेळी दोनच्या रांगेने. माथ्यावरचा मावळा दोन विती अंतरातल्या सोंगटीवर लुडोचा फासा टाकणार, पाच किंवा सहा पडले तर सोंगटी गेली. खालून वर मारणाऱ्या खानाला सहाच हवेत. हातघाईला आले तर वेल्स यांचा नियम, एकास एक. (तोफेऐवजी गोटी मारण्याचा मोह होईल. मारू नये. मातीचे मावळे गोटीने फुटतात आणि मग खरं युद्ध होतं.)

कोकणच्या तोंडाशी एक पाण्याची वाटी ठेवायची. पाचव्या चालीपासून खान वाटीपर्यंत पोहोचला नसेल तर दर चालीला त्याची एक सोंगटी तहानेने जाणार. दहा चालींत सहा सोंगट्या पलीकडे निघाल्या तर खान जिंकला. नाहीतर महाराज जिंकले, मग मावळा एकच उरलेला असला तरी. आणि एक रायबागनचा नियम हवाच : खानाला कुठल्याही चालीला वकील पाठवता येईल. तसं केलं तर तेव्हा जिवंत असलेल्या प्रत्येक सोंगटीचा अर्धा गुण त्याला मिळेल. हरताना किती वाचवायचं, हा हिशेब मोठ्यांनाही घाम फोडतो. पंच म्हणून आजोबा चालतील, आजी असेल तर उत्तम, तिच्याशी वाद घालायची कुणाची टाप नसते.

याला पुण्या-मुंबईचंच अंगण हवं असंही नाही. भिलाईतल्या एखाद्या घराच्या ओसरीवर हा डाव तितकाच रंगेल. तिथे तर शेजारच्या शहराचं नावच दुर्ग आहे! किल्ला बांधायला वेळ नसेल तर पुस्तकांच्या दोन रांगा पुरेत.

पहिल्या डावात नवखा खान हमखास हरतो. सगळी फौज एकदम खिंडीत घालतो, पाचव्या चालीला तहान लागते आणि वकील पाठवायचं सुचतं तेव्हा चारच सोंगट्या उरलेल्या असतात. डाव संपला की सोंगट्या गोळा करायच्या आणि बाजू बदलायच्या. मघाशी माथ्यावरून मारा करणारं पोर आता खान होतं. पहिली सोंगटी खिंडीच्या तोंडाशी आणतं, पुढे सरकवायला बोट टेकवतं, आणि मग थांबून दोन्हीकडच्या पुस्तकांच्या माथ्याकडे बघत राहतं.